मामा तलावात मिळालेला रुंद जबड्याचा, कठीण खवल्यांचा मासा कोणता असावा?

पाळीवरचा_ढीवर (भंडारा जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे आणि दर पावसाळ्यात आम्ही त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडतो. परवा फासाचे जाळे काढताना त्यात एक असा मासा गुरफटलेला मिळाला, जो आमच्या संस्थेतील सत्तरी ओलांडलेल्या जाणत्या मंडळींनीही आजवर पाहिलेला नाही.

लांबी अडीच फुटांच्या आसपास आहे. पाठ शेवाळी-तपकिरी आणि पोट पिवळसर पांढरे आहे. जबडा पुढे आलेला, रुंद आणि टोकाला बोथट असून त्यात अणकुचीदार दात दिसतात. पाठीवरचा पर मरळीसारखा पाठभर पसरलेला नाही. तो एकच, आखूड आणि अगदी शेपटीजवळ आहे. सर्वांत नवल खवल्यांचे वाटले. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे, तिरप्या रांगांत एकमेकांना घट्ट जोडलेले आणि चकचकीत आहेत. सुरीचे टोक रोवून पाहिले तर ते आत न शिरता घसरते आणि चिनीमातीवर घासल्यासारखा आवाज येतो. जाळ्यातून काढल्यावर मासा रात्रभर टोपल्यात जेमतेम ओलाव्यावर पडून होता, तरी सकाळी जिवंत होता. आता तो संस्थेच्या शेडमधील सिमेंटच्या टाक्यात ठेवला आहे. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तो तोंडाने हवा घेतो.

गावात भीती पसरली आहे. शिंगाड्याच्या हंगामात आमच्या बायामाणसे कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास उभी असतात आणि मुले पाळीजवळ (तलावाच्या बांधाजवळ) पोहतात. हा मासा माणसाला चावतो काय, तो आमची बोटुकली संपवील काय, खाण्यास चालतो काय, आणि तो पुन्हा तलावात सोडावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मत्स्यविद्या_नागपूर

भाऊ, वर्णन इतके नेमके दिले आहे की छायाचित्र नसतानाही मासा ओळखता येतो. हा ॲलिगेटर गार, शास्त्रीय नाव ॲट्रॅक्टोस्टियस स्पॅच्युला. खात्री करायची असेल तर त्याचा वरचा जबडा पाहावा. त्यात मोठ्या दातांच्या दोन रांगा दिसल्या तर शंका उरणार नाही. गार कुळात आज एकूण ७ जाती जिवंत आहेत. त्यांपैकी लांबनाक्या गारचा जबडा फारच अरुंद असतो, त्यामुळे तुमच्या वर्णनाशी तो जुळत नाही.

सर्वांत आधी तातडीची गोष्ट सांगतो. या माशाची अंडी विषारी असतात. आपल्याकडे रोहू-मृगळाची अंडी आवडीने तळून खातात, म्हणून हे संस्थेतील प्रत्येक घरापर्यंत पोहोचले पाहिजे. ही अंडी खाल्ल्यास माणसाला जोराच्या उलट्या व जुलाब होऊन तो गंभीर आजारी पडू शकतो आणि कोंबड्या, बदके, कुत्री यांनाही ती घातक ठरतात. मासा कापलाच तर पोटातील काहीही उकिरड्यावर टाकू नये, खोल खड्डा करून पुरावे. शिजवल्याने विष जाईल असे धरून प्रयोग करू नये. मांस मात्र पांढरे व घट्ट असते आणि अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लोक ते खातात.

माणसांबद्दल म्हणाल, तर या माशाने माणसावर हल्ला केल्याची खात्रीलायक नोंद नाही. त्याला हाताळताना दातांनी किंवा खवल्यांच्या धारेने हात कापू शकतो, एवढी काळजी पुरेशी आहे. शिंगाडे काढणाऱ्या बायांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आता त्याच्या मूळ घराविषयी. हा मासा उत्तर अमेरिकेचा. मिसिसिपी नदीचे खालचे खोरे, मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतच्या नद्या, आणि दक्षिणेस मेक्सिकोतील व्हेराक्रूझपर्यंतचा प्रदेश हे त्याचे क्षेत्र आहे. गोड्या पाण्यात राहत असला तरी खाडीतील मचूळ पाणीही त्याला चालते. मिसिसिपी राज्यातील चोटार्ड तलावात १४ फेब्रुवारी २०११ रोजी एका मच्छीमाराच्या जाळ्यात सापडलेला मासा १४८ किलो वजनाचा आणि सुमारे २.५७ मीटर लांबीचा होता. हिशेब ठेवलेल्या गारांमध्ये तो सर्वांत जड. तेव्हा तुमच्या टाक्यातला अडीच फुटी मासा हे अजून लेकरू आहे. हे मासे ५० वर्षांहून अधिक जगतात.

खवल्यांविषयी तुम्ही जे लिहिले त्याचे कारण असे की ते रोहू-कटल्याच्या खवल्यांसारखे पातळ व लवचिक नसतात. खाली हाडाचा थर आणि त्यावर गॅनॉइन नावाचा, दाताच्या एनॅमलशी जवळचे नाते असलेला कठीण थर अशी त्यांची रचना असते. शेजारचे खवले खाच व खुंटीने एकमेकांत बसलेले असल्यामुळे पूर्ण अंगावर चिलखत तयार होते, आणि तरीही मासा वाकू शकतो. तेथील मूळ रहिवासी या खवल्यांची बाणाची टोके करीत आणि सुरुवातीच्या शेतकऱ्यांनी लाकडी नांगरावर या माशाचे कातडे चढवल्याच्या नोंदी आहेत. सोलण्यासाठी तिकडचे लोक कुऱ्हाड किंवा पत्रा कापायची कात्री वापरतात. साधी विळी येथे कामाची नाही.

रात्रभर टोपल्यात तो का जगला, याचे उत्तर त्याच्या वाताशयात आहे. बहुतेक माशांत ही हवेची पिशवी फक्त तरंगण्यास मदत करते. गारमध्ये ती अन्ननलिकेला जोडलेली असते आणि तिच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे वर येऊन गिळलेल्या हवेतील प्राणवायू थेट रक्तात जातो. मे महिन्यात मामा तलाव आटून पाणी गढूळ व गरम होते, पहाटे प्राणवायू घटतो आणि कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तडफडू लागतात, हे आपण दरवर्षी पाहतो. अशा वेळी गारला फारशी अडचण होत नाही. मला वाटते, आपल्या तलावांच्या दृष्टीने या माशाचा हा सर्वांत महत्त्वाचा गुण आहे. इतर मासे ज्या हंगामात मरतात तो हंगाम त्याला निभावून नेता येतो.

शिकार करण्याची त्याची पद्धत दबा धरण्याची आहे. पाणवनस्पतींच्या कडेला तो हालचाल न करता तरंगत राहतो आणि भक्ष्य जबड्याच्या बाजूला आले की मान झटकून आडवा पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. मुख्य खाद्य मासेच, पण खेकडे आणि पाणपक्षीही तो खातो. बोटुकल्यांचे नुकसान तो नक्की करील, कारण ती थव्याने उथळ पाण्यात फिरतात आणि लहान वयाच्या गारला तोच आकार सोयीचा असतो.

म्हणून पुन्हा तलावात सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे. नागपुरात तेलंगखेडी येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तेथेही छायाचित्रे व दोन-चार खवले पाठवता येतील.

काचपेटी_वर्धा

मी अनेक वर्षे घरी शोभेचे मासे पाळतो, त्यामुळे हा मासा तलावात कसा आला असेल याबद्दल लिहितो. शहरांतील शोभिवंत माशांच्या दुकानांत गारची बोटभर लांबीची पिल्ले विकली जातात. त्या वयात ती फार देखणी असतात. पाठीवर फिकट रेषा, कडेला गडद पट्टा, आणि पाण्यात काडी तरंगावी तशी स्थिर. घेणाऱ्याला दुकानदार बहुधा सांगत नाही की पहिल्याच वर्षी ती दीड-दोन फुटांपर्यंत वाढू शकतात आणि पेटीतले इतर मासे गिळतात. मग पेटी अपुरी पडते, मारायला हात धजावत नाही, आणि 'त्याला मोकळे पाणी मिळेल' अशा चांगल्या भावनेने माणूस तो जवळच्या तलावात सोडून येतो. विसर्जनाच्या दिवसांत हे अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना आणि त्याच वर्षी भोपाळच्या तलावात हा मासा मिळाल्याच्या बातम्या होत्या. चीनमधील हनान प्रांतात रुझोऊ शहराच्या एका उद्यानातील तळे २०२२ मध्ये जवळजवळ महिनाभर खपून उपसावे लागले, आणि ते दोन गार पकडण्यासाठी. जपानने २०१८ पासून संपूर्ण गार कुळच उपद्रवी परकी प्राण्यांच्या यादीत टाकले, त्यामुळे तेथे परवानगीशिवाय ते पाळता, विकता किंवा सोडता येत नाहीत.

मासे पाळणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. मासा सांभाळता येत नसेल तर दुकानात परत द्यावा, मोठे टाके असलेल्या माणसाला द्यावा, पण नदी-तलावात कधीही सोडू नये. मोकळे पाणी देण्यात त्या माशाचे कल्याण आहे असे वाटते खरे, पण ज्यांचे पोट त्या तलावावर आहे त्यांचे आणि त्यातल्या देशी माशांचे त्यात नुकसान आहे.

वैनगंगा_काठ (गोंदिया)

आमच्याकडे तलावांत तिलापिया या परक्या माशाने उच्छाद मांडला आहे. बोटुकली कितीही सोडा, जाळ्यात तिलापियाच जास्त येतो आणि त्याला भाव मिळत नाही. हा गार मासे खाणारा असेल तर तो तिलापियाही खाईलच. अमेरिकेत परक्या कार्प माशांवर उपाय म्हणून गार पुन्हा सोडत असल्याचे मी वाचले होते. मग एक मासा तलावात राहिला तर बिघडते कोठे? मत्स्यविद्या सरांनी यावर सांगावे.

मत्स्यविद्या_नागपूर

गोंदियाच्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे. तिलापियाचा त्रास मी स्वतः तलावांवर जाऊन पाहिला आहे, त्यामुळे त्याचे सविस्तर उत्तर देतो.

अमेरिकेत इलिनॉयसारख्या राज्यांनी गार पुन्हा सोडला तो तो तेथील मूळ रहिवासी होता म्हणून. एके काळी त्या राज्यातून तो नाहीसा झाला होता आणि ते त्याचे पुनर्वसन होते. त्याने परक्या कार्प माशांचा बंदोबस्त होईल ही आशा वर्तमानपत्रांनी अधिक रंगवली. हे मासे सावकाश वयात येतात, मादीला तर १० वर्षांच्या आसपास लागतात, तर तिलापिया काही महिन्यांत प्रजननक्षम होतो. एवढ्या धिम्या प्राण्याकडून एवढ्या वेगवान माशाचे नियंत्रण होत नाही. शिवाय गार तिलापिया तेवढा निवडून खाणार नाही. उथळ पाण्यात जे सहज मिळेल ते तो घेईल, आणि आपल्या तलावात ते बहुधा ठेकेदार संस्थेने विकत आणलेले मत्स्यबीज असेल.

दुसरे असे की मामा तलाव म्हणजे बंद हौद नव्हेत. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या या तलावांची रचना अशी आहे की वरच्या तलावाचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तेथून नाल्यात आणि शेवटी वैनगंगेत जाते. एका तलावात सोडलेला मासा एका चांगल्या पावसात कोठे जाईल ते सांगता येत नाही. मांगूरचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. आफ्रिकन मांगूर या परक्या माशावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा आदेश दिले, तरीही तो अजून पूर्णपणे हटलेला नाही.

प्रजननाबद्दलही सांगतो. वसंत ऋतूत नदीला पूर येऊन काठावरची गवताळ जमीन पाण्याखाली गेली की गार तेथे जमतात आणि बुडालेल्या गवतावर चिकट अंडी घालतात. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. त्यांच्या नाकाच्या टोकाला एक चिकट चकती असते, तिने ती गवताच्या पात्याला लटकून राहतात आणि पिवळ्या बलकावर वाढतात. एकट्या माशापासून वीण होत नाही, पण ज्याने एक सोडला तो उद्या दुसराही सोडू शकतो, आणि पावसाळ्यात आपल्या तलावांच्या कडेला बुडालेल्या गवताची कमतरता नसते.

तिलापियावर उपाय देशी मांसाहारी मासे आणि तलावातील देशी पाणवनस्पती यांच्यात शोधावा. भंडारा-गोंदिया भागात बायांच्या गटांनी तलावांतील बेशरम ही उपद्रवी वनस्पती काढून, नांगरट करून देशी वनस्पती लावल्या आणि देशी मासे परत येऊ लागले, हे आपल्या घरचे उदाहरण आहे. मरळ तिलापियाची पिल्ले खाते, तलावातच वीण घालते आणि बाजारात तिला चांगला भाव आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. गारला दुष्ट ठरवू नये. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये हा मासा खेळासाठी पकडल्या जाणाऱ्या माशांचा शत्रू मानून विजेचा प्रवाह सोडणारी खास होडी बनवली गेली आणि तो मोठ्या संख्येने मारला गेला. पुढे पोटातील खाद्य तपासल्यावर दिसले की तो मुख्यतः सहज मिळणारे साधे मासे खातो. तोपर्यंत नद्यांना बांध घातल्याने पूरमैदाने तुटली होती आणि विणीच्या जागाच गेल्या होत्या. टेक्सासने २००९ पासून एका माणसाला दिवसाला एकच गार अशी मर्यादा घातली. ज्या पाण्यात तो लाखो वर्षे वाढला तेथे त्याचे असणे गरजेचे आहे. आपल्या तलावात तो नको, इतकेच.

खडकवाचक_वरोरा

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जीवाश्मांचा अभ्यास हा माझा जुना छंद आहे. वरील चर्चेत एक भर घालतो, कारण ती विदर्भातील वाचकांना ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

गार आज केवळ उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबा एवढ्याच भागात आढळतो, पण पूर्वी तसे नव्हते. त्याच्या कुळाचे जीवाश्म युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि भारतातही मिळाले आहेत, आणि भारतातील एक महत्त्वाचे ठिकाण आपल्या वरोरा तालुक्याच्या परिसरातले डोंगरगाव आहे. तेथील लामेटा थरांतील माशांच्या अवशेषांचे वर्णन ब्रिटिश म्युझियममधील आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यात गार कुळातील एका जातीला 'लेपिडॉस्टियस इंडिकस' हे नाव दिले. त्याच लेखनातील दुसऱ्या एका माशाला 'हिस्लोपी' असे नाव मिळाले. ज्यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातील जीवाश्म गोळा करण्यात मोठे कष्ट घेतले होते.

लामेटा थर दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या खाली येतात. म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाने ही भूमी झाकण्याच्या आधी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, आजपासून सुमारे ६.६ ते ७ कोटी वर्षांपूर्वी, येथे उथळ तळी, पाणथळ जागा आणि नद्या होत्या. जवळच्या पिसदुऱ्याला त्याच थरांत डायनासोरांची हाडे, कासवांचे अवशेष आणि विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्या तळ्यांत गार होते. खवल्यांवरचा गॅनॉइनचा थर कठीण असल्याने माशाचे बाकी शरीर नष्ट झाले तरी खवले टिकतात, आणि म्हणूनच गारची ओळख जीवाश्मांत बऱ्याचदा सुट्या खवल्यांवरून पटते. भिंगाखाली पाहिले तर जुन्या खवल्याची चकाकीही कायम दिसते.

उत्तर अमेरिकेतील गारच्या अंगात अजूनही अनेक जुनी वैशिष्ट्ये तशीच आहेत. आतड्यात शार्कप्रमाणे मळसूत्री झडप असते, शेपटीचा सांगाडा वरच्या बाजूला वळलेला असतो, आणि गॅनॉइनचे खवले तर आहेतच. या कुळाचे सर्वांत जुने जीवाश्म ज्युरासिक काळातील, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

या माहितीचा अर्थ 'हा आपलाच मासा आहे, तेव्हा राहू द्या' असा कोणी काढू नये. साडेसहा कोटी वर्षांत येथील पाणी, हवा, वनस्पती आणि मासे सगळे बदलले. आजच्या मरळीने, वाघूराने आणि झिंग्यांनी घडवलेल्या तलावात त्या जुन्या नात्याला काही हक्क पोहोचत नाही. ढीवर भाऊंना माझी एक विनंती आहे. मासा मेला तर त्याच्या कातड्याचा एक तुकडा वाळवून ठेवावा. मुलांना आजचा खवला आणि डोंगरगावच्या खवल्याचे चित्र शेजारी ठेवून दाखवता येईल.

पाळीवरचा_ढीवर (भंडारा जिल्हा)

सर्वांचे आभार. तुमची उत्तरे शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा आहेत, म्हणजे ओळख पक्की झाली. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला फोन केला, त्यांनी छायाचित्रे मागवून घेतली आणि तलावात सोडू नका असेच सांगितले.

मासा काल मारला. डोक्यामागे कुऱ्हाडीचा घाव घालून मग पोटाच्या बाजूने कापावे लागले, कारण पाठीवर कोणतेच पाते चालले नाही. पोटात तिलापियाची दोन पिल्ले आणि एक अर्धवट पचलेला, खवल्यांवरून मृगळ वाटणारा मासा निघाला. अंडी भरलेली नव्हती, तरी पोटातील सगळे शेताच्या बांधापासून दूर खोल पुरले आणि वर काटेरी झाडांच्या फांद्या टाकल्या, जेणेकरून कुत्री उकरणार नाहीत. मांस कोणी खाल्ले नाही. कातडे मीठ लावून वाळत घातले आहे. खवले बोटांनी चाचपले तर खाच कोठे आणि खुंटी कोठे ते कळते. खडकवाचक सरांनी पत्ता कळवावा, तुकडा पाठवतो.

संस्थेच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. बाहेरचा मासा तलावात सोडताना कोणी दिसल्यास त्याला थांबवून समजावायचे आणि गणपती-देवी विसर्जनाच्या वेळी घाटावर संस्थेचा एक माणूस उभा ठेवायचा. दुसरे, पावसाळ्यापूर्वी सांडव्यावर जाळी बसवायची. मत्स्यविद्या सर, जाळीचे भोक किती मोठे असावे म्हणजे बोटुकली वाहून जाणार नाहीत, पण पालापाचोळा अडकून पाळीला धोकाही होणार नाही, हे कळवावे.

मत्स्यविद्या_नागपूर

भोकाचे एकच माप सर्व तलावांना लागू पडत नाही. ते तुम्ही सोडत असलेल्या बोटुकल्यांच्या जाडीवर ठरते, म्हणून आधी या वर्षीचे बीज हातात घेऊन मोजा आणि भोक त्याहून थोडे लहान ठेवा. जाळी सांडव्याच्या तोंडावर सरळ उभी न लावता आतल्या बाजूला तिरपी लावा आणि तिची लांबी सांडव्याच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त ठेवा. त्यामुळे पाण्याला जास्त जागा मिळते आणि काही भाग कचऱ्याने भरला तरी प्रवाह अडत नाही. मुसळधार पावसाच्या रात्री तेथे आळीपाळीने माणूस हवाच. पाणी पाळीच्या माथ्याकडे चढू लागले तर जाळी तत्काळ उचलता यावी अशी कडी-दोरी आधीच बांधून ठेवा. अशा वेळी चार बोटुकली गेली तरी चालतील, पण पाळ फुटता कामा नये.